तेरा मात्रांची चढण

7 एप्रिल 2017 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा सोहळा झाला आणि ‘येस’ या इंग्लिश बँडला त्यात मानाची जागा मिळाली. सन्मान झालेल्यांत ड्रमर बिल ब्रुफर्डही होता. ब्रुफर्डने ‘येस’ सोडलं ते 1972 साली, ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम पुरा करून, बँडला ऐन बहर आलेला असताना. पैसा, नाव, गर्दी सगळं समोर दिसत होतं. ते सोडून तो गेला ‘किंग क्रिम्झन’मध्ये, कारण त्याला जे वाजवायचं होतं ते तिथे वाजत होतं. आज त्याने सोडलेला बँड त्या दालनात आहे. ज्या बँडसाठी सोडला, तो अजून दाराबाहेर उभा आहे.

नियमाप्रमाणे पहिलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन पंचवीस वर्षं झाली की कलावंत या सन्मानाला पात्र ठरतो. किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 मध्ये आला, म्हणजे पात्रता 1994 पासून. त्यानंतरच्या काळात प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या काहींना प्रवेश मिळाला. पिंक फ्लॉइड 1996 मध्ये, जेनेसिस 2010 मध्ये, रश 2013 मध्ये, येसनंतर 2018 मध्ये मूडी ब्लूज. किंग क्रिम्झन, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर ही तीन नावं मात्र 2025 पर्यंतच्या कुठल्याच वर्षीच्या नामांकनातही दिसत नाहीत. निवडलं नाही हे एक वेळ समजू शकतं, विचारातही घेतलं नाही हे समजणं अवघड आहे. या संस्थेची कल्पना पुढे नेणाऱ्यांत अहमद एर्टेगन हे अटलांटिक रेकॉर्ड्सचे प्रमुख होते, आणि किंग क्रिम्झनचा तो पहिला अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध केला तो अटलांटिकनेच. घरचंच माणूस राहून गेलं.

यादीबद्दल हळहळ करत बसण्यापेक्षा या बँडची एकच रचना नीट ऐकावी, म्हणजे कोणाला काय गमवावं लागतंय ते कळेल. ‘रेड’ या 1974 च्या अल्बममधली शेवटची रचना, ‘स्टारलेस’. बारा मिनिटांहून थोडी जास्त. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ती मुद्रित झाली. अल्बम बाजारात येण्याआधीच गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने बँड विसर्जित केला होता. मात्र निरोपाचं गाणं म्हणून ती रचलेली नव्हती. गायक आणि बास वाजवणारा जॉन वेटन याने तिचा पहिला भाग आदल्या अल्बमच्या वेळीच आणला होता. फ्रिप आणि ब्रुफर्ड या दोघांना तो तेव्हा रुचला नाही, बाजूला पडला. नंतर मैफिलींमधून तो वाढत गेला, मधला भाग जोडला गेला, आणि बाजूला सारलेल्या गाण्याची ही इमारत झाली.

सुरुवात मेलोट्रॉनची. हे कळफलकाचं वाद्य, पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचे सूर भरलेले असतात. पट्टी दाबली की फीत फिरते, आणि साधारण आठ सेकंदांत संपते. म्हणजे या वाद्यात सूर हवा तेवढा वेळ धरून ठेवता येत नाही. प्रत्येक सुराला मरण ठरलेलं. फीत कधी किंचित डगमगते, सूर किंचित थरथरतो. हा थरथराट ‘स्टारलेस’च्या पहिल्या क्षणापासून आहे आणि त्यानेच सगळ्या रचनेवर सायंकाळ पसरते. त्यावर फ्रिपची गिटार एक लांब, साधी धून म्हणते. मैफिलीत ही धून डेव्हिड क्रॉस व्हायोलिनवर वाजवायचा. तो बँडमधून गेल्यावर ती गिटारकडे आली, पण गजाने ओढल्यासारखी सलगता तिने टिकवून ठेवली.

मग वेटन गातो. आवाज भरदार, किंचित घोगरा, कुठेही नाटकी नाही. तीन कडवी, मोजके शब्द. बाहेर मावळतीचं सोनं पसरलंय, जुना मित्र समोर आहे, आणि आतल्या डोळ्याला काळोखाशिवाय काही दिसत नाही, एवढाच आशय. मागे मेल कॉलिन्स आणि इअन मॅकडोनल्ड यांचे सॅक्सोफोन. दोघेही पूर्वी याच बँडमध्ये होते आणि सोडून गेले होते. मॅकडोनल्ड तर अगदी पहिल्या अल्बमचा आधारस्तंभ. सोडून गेलेले दोघे या रचनेसाठी परत आले, आणि त्यांच्या फुंकरीत ते जाणवतं. ते गाण्यावर स्वार होत नाहीत, कडव्यांच्या कडेने चालतात.

इथपर्यंत जे झालं ते एक उत्तम, उदास गाणं आहे. असं गाणं दुसऱ्या एखाद्या बँडनेही केलं असतं. साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं थांबतं आणि पुढे जे सुरू होतं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं.

बासवर एक तुकडा सुरू होतो. खालचा, जड, पायऱ्या चढल्यासारखा. हा तुकडा ब्रुफर्डने आणला, म्हणजे बासची ओळ सुचली ड्रमरला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं. त्याचं आवर्तन तेरा मात्रांचं आहे. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल, चौदाचा धमार कानाला सरावाचे आहेत. तेराचा जयताल क्वचित कोणी वाजवतो. बारा मोजून शरीर समेची तयारी करतं आणि तिथे एक मात्रा उरलेली असते. प्रत्येक आवर्तनात ही एक मात्रा पाय अडवते. बाराची गोलाई मिळाली असती तर ऐकणारा तिच्यात सुखाने डुलला असता. तेरावी मात्रा डुलू देत नाही, जागं ठेवते.

त्यावर फ्रिप काय वाजवतो? एक सूर. तोच सूर शेजारच्या दोन तारांवर आळीपाळीने, पुन्हा पुन्हा, काही मिनिटं. जगातल्या सर्वांत तयारीच्या गिटारवादकांपैकी एक माणूस आपली सगळी तयारी बाजूला ठेवतो आणि एका सुरावर उभा राहतो. तो सूर मग हळूच वर सरकतो, तिथे थांबतो, पुन्हा सरकतो.

किराणा घराण्याचं गाणं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही वाट ओळखीची वाटावी. मिरजेला राहून अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या कानांना एकेक स्वर घासूनपुसून, त्याच्यावर रेंगाळून मग पुढच्या स्वराला हात लावण्याची सवय लावली. षड्जावरून ऋषभाकडे जायलाही वेळ घ्यावा, आणि तो घेतलेला वेळ हेच गाणं, हा संस्कार इथल्या श्रोत्यावर शंभर वर्षांचा आहे. त्यामुळे ‘एकच सूर काय वाजवतोय’ असा प्रश्न आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला पडू नये.

पण साम्य दाखवून थांबलं तर रसग्रहण अर्धं राहील, कारण खरी गंमत फरकात आहे. आपल्याकडे तंबोरा स्थिर असतो आणि स्वर फिरतो. जमीन पक्की, चालणारा माणूस हलतो. ‘स्टारलेस’मध्ये उलट आहे. गिटारचा सूर बराच वेळ जागेवर असतो आणि खालचा बासचा तुकडा आपली पट्टी बदलतो. म्हणजे इथे तंबोराच सरकतो. सूर तोच, पण खालची जमीन हलली की त्याचा रंग पालटतो. मघाशी विसावलेला वाटणारा सूर आता टोचायला लागतो, मग पुन्हा बास मूळ जागी आला की क्षणभर निवतो. फ्रिपने काहीही न बदलता त्याचा सूर बदलत राहतो. पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरसंवादाचं तत्त्व इतकं उघडं, इतकं साधं करून दाखवणारी दुसरी जागा मला रॉकमध्ये माहीत नाही. शाळेत शिकवावी अशी आहे.

ब्रुफर्ड या वेळी काय करतोय ते वेगळं ऐकावं. आधी जवळजवळ काहीच नाही. लाकडी ठोकळ्याचा एखादा आवाज, झांजेला एखादा स्पर्श, मधे मोठी शांतता. मग ते थेंब दाट होतात. वेटनचा बास हळूहळू खरखरीत होत जातो, गुरगुरायला लागतो. एकाही क्षणी ‘आता आवाज वाढला’ असं बोट ठेवता येत नाही, आणि तरी चार-पाच मिनिटांत आपण कुजबुजीतून गर्जनेत आलेलो असतो.

भिवंडीत लहानाचा मोठा झालो म्हणून हे मला लवकर उमगलं असावं. आमच्याकडे रात्र म्हणजे यंत्रमागांचा आवाज. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, एका शेडमध्ये कितीतरी माग, आणि कुठल्याही दोन मागांची गती तंतोतंत एक नसते. काही वेळ दोघांचे ठोके जुळून येतात, मग सुटतात, मग बऱ्याच वेळाने परत जुळतात. बाहेरच्या पाहुण्याला ती नुसती खडखड वाटे. पण गल्लीतला अनुभवी कारीगर चहा पीत दाराशी उभा असताना मान न वळवता सांगायचा की मागे कुठल्या तरी मागावर धागा तुटलाय. सारखेपणात पडलेला बारीकसा फरक त्याच्या कानाला आधी कळायचा, डोळ्याला नंतर. ‘स्टारलेस’चा मधला भाग हाच कान मागतो. तेच ते वाजतंय असं ज्याला वाटलं त्याच्या हातून तो निसटला.

याच बँडने 1981 मध्ये ‘डिसिप्लिन’ या अल्बममध्ये तर शेजारी चालणाऱ्या दोन मागांचंच संगीत केलं, असं मी म्हणेन. त्यातल्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये फ्रिप आणि एड्रियन बेल्यू यांच्या दोन गिटारी सात मात्रांचा एकच विणलेला तुकडा वाजवत असतात. मग एक जण दोन आवर्तनांच्या चौदा सुरांमधला शेवटचा एक सूर गाळतो आणि तेराने मोजायला लागतो. दोन गिटारी एकमेकींपासून सुटतात, एकेका सुराने मागेपुढे होत जातात, आणि गणित पुरं झालं की नेमक्या जागी परत भेटतात. ते भेटणं म्हणजे समच. ती पुढे कुठे आहे हे कोणी सांगत नाही, पण आली की अंगावर काटा येतो.

परत ‘स्टारलेस’कडे. चढण असह्य होते, फ्रिपचा सूर आता जवळजवळ किंचाळतोय, आणि अचानक सगळं फुटतं. तेच तेरा, पण लय दुप्पट. ड्रम धावत सुटतात, सॅक्सोफोन बेभान. इतका वेळ एकेका थेंबाने साठलेलं पाणी बांध फोडून निघतं. इथे एखादा कमी दर्जाचा बँड आनंदाने पाच मिनिटं धुमाकूळ घालून टाळ्या घेऊन गेला असता. किंग क्रिम्झन तसं करत नाही. त्या धावण्याच्या डोक्यावर शेवटी सुरुवातीची ती सायंकाळची धून परत येते. सूर तेच आहेत, पण आता ते म्हणणारा माणूस पहिल्यासारखा राहिलेला नाही. सुरुवातीला जे दुःख होतं त्याला आता भव्यता आली आहे. बंदिशीचा मुखडा द्रुत तानांनंतर परत येतो तेव्हा शब्द न बदलता त्याचा अर्थ गडद झालेला असतो, तो अनुभव आपल्याला आहे. अमेरिकेतल्या त्या निवड समितीतल्या किती जणांना असेल?

मला वाटतं इथेच मूळ कारण आहे. या सन्मानाच्या कल्पनेत रॉक म्हणजे तरुण रक्त, तीन मिनिटांचं गाणं, बंडखोर चेहरा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाचे संस्थापक यान वेनर या संस्थेच्या स्थापनेपासून अनेक वर्षं तिचे सूत्रधार होते, आणि त्या मासिकाच्या समीक्षेला प्रोग्रेसिव्ह रॉक आवडत नव्हतं हे उघड गुपित आहे. लांबलचक, पंडिती, स्वतःच्या तयारीवर खूश असलेलं, असा आरोप. तो सगळाच खोटा नाही. इमर्सन लेक अँड पामरच्या काही मैफिली मला आजही पोकळ आतषबाजी वाटतात. पण मुसॉर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही रचना उचलून हजारो पोरांपुढे तुफान वाजवायची हिंमत, आणि नवाकोरा मूग सिंथेसायझर मंचावर आणून त्याला एकल वाद्याची प्रतिष्ठा देणारा कीथ इमर्सन, हे दोन्ही त्यांच्याच खात्यावर आहे. आज कुठल्याही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर असतो, तो मंचावर पहिल्यांदा रुबाबाने उभा करणाऱ्यांत इमर्सन होता.

जेथ्रो टलचा दावा आणखी सरळ आहे. 1972 चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ म्हणजे रेकॉर्डच्या दोन बाजू भरून एकच गाणं, आणि त्याचं वेष्टन म्हणजे खोट्या गावचं खरंखुरं बारा पानी वर्तमानपत्र. लांबलचक रचनांची थट्टा म्हणून केलेली ही रचना त्या प्रकारातली सर्वांत गोड रचना होऊन बसली, आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. लोकप्रियता हवी होती तर तीही होती. इअन अँडरसनच्या बासरीने रॉकमध्ये जो श्वास आणला, तो ऐकल्यावर हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीत रमणारा श्रोताही मान डोलावेल. ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ आणि ‘जेंटल जायंट’ यांची नावं मी मुद्दाम आग्रहाने घेत नाही. ते थोर आहेत, पण त्यांचा श्रोतृवर्ग लहान राहिला, आणि अशा सन्मानात तेवढं तोलावं लागतं.

किंग क्रिम्झनची अडचण वेगळीच. या बँडचा एक चेहरा नाही. माणसं बदलत गेली, आवाज बदलत गेला. 1969 चा बँड, 1974 चा आणि 1981 चा हे तीन वेगळे बँड वाटावेत. कायम राहिला तो फक्त फ्रिप, आणि तो बहुतेक वेळा मंचावर एका बाजूला खुर्चीत बसून वाजवणारा. मंडळींना लेबल लावायला काही सापडत नाही. आपल्याकडे हे वसंतराव देशपांड्यांच्या बाबतीत झालं. नागपूरचे सप्रे गुरुजी, लाहोरचे असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अशा अनेक ठिकाणांहून विद्या घेतलेल्या या गायकाला कुठल्या घराण्याच्या रकान्यात बसवायचं ते पंडितांना कळेना. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1982 साली, आणि 1983 च्या जुलैत ते गेले. रकाना सापडेपर्यंत वेळ निघून जातो. जॉन वेटन जानेवारी 2017 मध्ये गेला, इअन मॅकडोनल्ड 2022 मध्ये.

कोणी म्हणेल, भिवंडीच्या माणसाला याचं काय? मराठी मंचाने हे संगीत परकं मानलं नव्हतं, हे विसरू नये. 1978 मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली केलं, तेव्हा नाट्यपदं, तमाशाची ढोलकी आणि रॉक एकाच नाटकात नांदले, आणि त्यातला नायक अंकुश झालेला नंदू भेंडे हा मुंबईच्या रॉक मंडळींमधला गायक होता. 1974 मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडास केला होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा 2014 मध्ये गेला. त्याच्या कामाचं नीट दस्तऐवजीकरण मराठीत व्हायला हवं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुढे धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ची गर्दी जमायची, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ही नावं कप्प्यात मिळायची. आमच्यासारखे एसटीने कल्याण गाठून, तिथून लोकलने व्हीटीला जाऊन, उभ्याउभ्या कॅसेटींची वेष्टनं वाचून परत यायचे. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. ऐकणारे मात्र विखुरलेले का होईना, या पट्ट्यात आहेत.

म्हणून माझा निवाडा स्पष्ट सांगतो. क्लीव्हलंडच्या त्या दालनात पहिला मान किंग क्रिम्झनचा, आणि तो केवळ ‘रेड’ आणि ‘डिसिप्लिन’ या दोन अल्बमच्या जोरावरही देता येईल. दुसरा जेथ्रो टलचा, तिसरा इमर्सन लेक अँड पामरचा. वाचकाला एवढंच सांगणं की ‘स्टारलेस’ ऐकायचं तर तुकड्यातुकड्याने ऐकू नका. बारा मिनिटं सलग काढा, मोबाइल उलटा ठेवा, आणि मधल्या भागात बोटांवर तेरा मोजा. चुकलात तर पहिल्यापासून.